पाणचक्कीच्या शहरातला नळ

ईद झाली, मुलांच्या परीक्षा आटोपल्या आणि आपाचा फोन आला, "यंदा तरी या. दरवर्षी पुढच्या सुट्टीत येतो म्हणता." आमचे गाव कोकणात, खाडीकाठी. आपाचे सासर औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जुन्या शहरातल्या एका मोहल्ल्यात. तिच्या सुनेला सातवा महिना लागला होता, तिलाही भेटायचे होते. "आंबे घेऊन येतो," आम्ही म्हणालो. आपा हसली. "आंबे नका आणू, येताना पाणी आणा. आमच्याकडे सहाव्या दिवशी नळ येतो."

आम्हांला ती थट्टा वाटली. आंब्याची पेटी, तांदळाचे पीठ आणि दोन मुले घेऊन आम्ही दोघे निघालो.

पुण्यापर्यंत घाट आणि हिरवळ सोबतीला होती. नगर मागे पडले, इमामपूरचा घाट उतरलो आणि दोन्ही बाजूंना मे महिन्याची तापलेली काळी जमीन पसरली. नेवासे फाट्यापुढे प्रवरासंगम आणि मग गोदावरीचा मोठा पूल आला. गाडीतले सगळे खिडकीकडे वळले. इथे नदी वाहताना दिसत नाही, तळ्यासारखी पसरलेली दिसते, कारण खाली पैठणला जायकवाडीचे धरण आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत आणि सत्तावीस दरवाजे. मागे अडलेल्या पाण्याला नाथसागर म्हणतात. शहराला नळाने मिळणारे बहुतेक पाणी याच नाथसागराचे.

काठाचा गाळ उघडा पडला होता, तरी पुलाखाली बरेच पाणी होते. आमच्या धाकट्याने विचारले, "एवढं पाणी आहे, तर खालाकडे सहाव्या दिवशी का येतं?"

तेव्हा आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पुढच्या दहा दिवसांत मात्र त्या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडला नाही.

नळाची रात्र

आपाचे घर जुन्या पद्धतीचे आहे. मधे अंगण, अंगणात जमिनीखाली हौद, त्यावर लोखंडी झाकण. ओसरीवर निळे ड्रम, स्टीलच्या टाक्या, कळशा आणि बादल्या ओळीने मांडलेल्या. आम्ही पोचलो ती नेमकी नळाचीच रात्र होती. पाणी रात्री दीड-दोनच्या सुमारास येणार होते. जेवणे झाली तरी घर झोपले नाही. आपाचा मुलगा नळाच्या तोंडाशी पाइप लावून तयार, दुल्हाभाई मोटरपाशी, सून खुर्चीवर बसून कोणती टाकी आधी भरायची ते सांगत होती.

दोनला दहा कमी असताना नळातून आधी हवा फुसफुसली. मग गल्लीतून आरोळी आली, "नल आये!" एका क्षणात घराघरांतल्या मोटरी घरघरू लागल्या. भर मध्यरात्री मोहल्ला जणू सहरीला उठावा तसा उठला. आमच्या मुलांना तर जत्राच वाटली. ती नळाखाली हात धरून नाचली, एकमेकांवर पाणी उडवले. धाकटा ओंजळीने प्यायलाही. सुरुवातीचे पाणी थोडे गढूळ होते, मग स्वच्छ आले. कुणाचेच तिकडे लक्ष नव्हते. दोन तासांत सहा दिवसांची बेगमी करायची होती.

नळ जायच्या सुमारास गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक वयस्कर खाला दोन रिकाम्या कळशा घेऊन दारात आल्या. आपाने त्या भरून दिल्या. खाला एकट्या, बेवा. त्यांच्याकडे मोटर नाही. त्या आम्हांला म्हणाल्या, "बेटा, तुमच्या मोटरी बंद होतात ना, तेव्हा कुठे माझ्या नळाला श्वास येतो. आणि तोवर पाणीच जातं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस कमी झाला म्हणावे तितक्या सहज त्या बोलल्या. दुल्हाभाईंनी मान खाली घातली.

पाणचक्की

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना घेऊन पाणचक्कीला गेलो. बाहेर रस्त्यावर ऊन रणरणत होते. आत पाऊल टाकताच मोठ्या वडाची सावली आणि हौदावरून येणारा गारवा लागला.

हा हजरत बाबा शाह मुसाफिर (रह.) यांचा परिसर. ते मध्य आशियातून, बुखाऱ्याच्या बाजूने दक्षिणेत आले. त्यांच्या खानकाहमध्ये येणारे मुसाफिर, मुरीद आणि गरीब यांच्यासाठी रोज धान्य दळावे लागे. त्यासाठी अठराव्या शतकात ही चक्की उभी राहिली. उत्तरेकडच्या डोंगरातला झरा जमिनीखालून, मातीच्या भाजलेल्या नळांमधून इथवर आणला आहे. पाणी एका उंच भिंतीच्या माथ्यावर चढते आणि तिथून धबधब्यासारखे हौदात कोसळते. त्याच पाण्याच्या जोरावर खाली लोखंडी पात्यांचे चाक फिरते आणि चाकाबरोबर वरचा दगडी पाट. या सगळ्यात ना बैल लागत, ना माणसाचा हात.

मुले विचारू लागली, "पंप नाही, मग पाणी वर चढतं कसं?" आम्ही त्यांना सांगितले की झरा उंचावर आहे. बंद नळातून खाली आलेले पाणी जवळपास आपल्या मूळ उंचीपर्यंत पुन्हा चढू शकते. बांधणाऱ्यांनी उताराचा हिशेब पक्का केला, एवढेच. हौदाखाली मोठे दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत. वर पाणी आणि खाली पाहुण्यांसाठी थंडावा. उरलेले पाणी शेजारच्या खाम नदीत जाते.

त्याहीआधीची गोष्ट मलिक अंबरची. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० मध्ये त्याने इथे खडकी हे शहर वसवले. खडकाळ जागा, मोठी नदी नाही. लोक हसले असतील. त्याने डोंगरातले, जमिनीत मुरलेले पाणी भुयारी नहरीने शहरात आणले. तीच नहर-ए-अंबरी. ठरावीक अंतरावर विहिरीसारखी उभी तोंडे ठेवली होती. त्यांतून हवा जाई, माणूस उतरून गाळ काढी, कुठे पाणी अडले तर कळे. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. पुढे औरंगजेबाच्या काळात शहर वाढले तसे आणखी नहरी निघाल्या.

वडाखाली बसलेल्या एका बुजुर्गांशी बोलणे झाले. त्यांनी लहानपणी नहरीचे पाणी प्यायले होते. "नहर संपली नाही," ते म्हणाले. "आपण तिला विसरलो. तिच्यावर घरं बांधली, तिच्या वाटेत बोअर खोदले, काही ठिकाणी गटाराचं पाणी सोडलं. पूर्वी तोंडं साफ करायला माणसं नेमलेली असायची. पाणी आणणं एकदाच होतं मियाँ, ते राखणं रोजचं."

आम्ही मान डोलावली. गोष्ट ऐकायला छान वाटते म्हणून मान डोलावतात, तशीच.

धाकट्याचे पोट

त्याच रात्री धाकट्याला उलट्या सुरू झाल्या, पहाटेपर्यंत जुलाब. सकाळी त्याचे डोळे खोल गेले, ओठ सुकले. आपाने लगेच एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवले आणि घोटघोट पाजत राहिली. तिने ते वेळेवर केले नसते तर आम्हांला सलाइन लावायला धावावे लागले असते.

मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी तपासले, ओआरएसची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या दिल्या आणि विचारले, "पाणी कुठलं प्याला?" आम्ही नळाच्या रात्रीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "नळ आला की पहिलं पाणी कधीच प्यायचं नाही. आणि तुमच्या आपांच्या सुनेला हौदातलं पाणी उकळल्याशिवाय देऊ नका. मूल दोन दिवसांत बरं होईल, इन्शाअल्लाह. पण गरोदर बाईला दूषित पाण्यातून कावीळ झाली तर ते वेगळंच प्रकरण असतं."

हे त्यांनी घाबरवण्यासाठी सांगितले नाही. दूषित पाण्यातून पसरणारी 'ई' प्रकारची कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत सोडते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती जिवावर बेतू शकते. २०१२ मध्ये इचलकरंजीत या काविळीची मोठी साथ आली होती आणि त्यात माणसे दगावली होती. आपाने सुनेकडे पाहिले. त्या दिवसापासून त्या घरातली चूल पाणी उकळण्यासाठी वेगळी पेटू लागली.

दुल्हाभाईंना मात्र पटत नव्हते. "धरणाचं पाणी आहे, फिल्टर होऊन येतं. रंग नाही, वास नाही. काय झालं त्याला?"

धरणापासून नळापर्यंत

त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. नाथसागरातून उपसलेले पाणी फारोळ्याच्या शुद्धीकरण केंद्रात येते. तिथे तुरटीने गाळ बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि क्लोरीन देतात. तिथून ते पंपांनी वर चढवत शहरातल्या उंच टाक्यांपर्यंत आणतात. धरण शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटर दूर आणि खालच्या पातळीवर आहे. नहरीचे पाणी उताराने आपोआप येई. हे पाणी प्रत्येक थेंबाला वीज मोजून येते. शहर वाढले, जुन्या वाहिन्या पुऱ्या पडेनात, म्हणून पाणी पाळीपाळीने सोडावे लागते. मोठ्या नव्या वाहिनीचे काम कित्येक वर्षे चालले आहे. धाकट्याच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. धरणात पाणी असणे आणि घरात पाणी येणे यांत पन्नास किलोमीटरचे अंतर आहे.

धोका मात्र बहुधा शेवटच्या पन्नास फुटांत असतो. नळात पाणी भरलेले असते तेव्हा त्याचा जोर बाहेरच्या बाजूला असतो. पाइपला बारीक छिद्र असले तर स्वच्छ पाणी बाहेर गळते, बाहेरची घाण आत येत नाही. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो. सहा दिवस तो गटारात पडून असतो आणि त्याच छिद्रातून गटार आत झिरपते. नळ येतो तेव्हा पहिल्या धारेबरोबर ते सगळे घरात येते. त्यात प्रत्येक घराची मोटर थेट लाइनला लावलेली असली की ती पाण्याबरोबर बाहेरची घाणही आत ओढते. आपण मोटर लावतो ती शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढायला, आणि सोबत त्याच्या गटाराचे पाणीही आपल्या हौदात घेतो.

पिवळा रंग

मोहल्ल्यातल्या आशाताईंकडे क्लोरीन तपासायची छोटी पेटी होती. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो, जितका जास्त तितका गडद. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असायला हवे. ते उरलेले क्लोरीन म्हणजे पाण्याचा पहारेकरी. वाटेत थोडी घाण मिसळली तरी तो तिला मारतो. रंग आला नाही, तर समजायचे की पहारेकरी वाटेतच कामी आला.

आधी हौदातले पाणी तपासले, रंग नाही. माठातले, रंग नाही. ताईंनी आणखी एक बाटली भरून ठेवली. तिच्यातले पाणी मलमूत्राने दूषित असेल तर दोन दिवसांत काळे पडते. हौदाच्या पाण्याची बाटली दुसऱ्या सकाळी काळी झाली होती. दुल्हाभाई ती हातात धरून बराच वेळ उजेडात पाहत राहिले. "दिसायला तर झमझमसारखं होतं," एवढेच म्हणाले.

पुढच्या नळाच्या रात्री ताई स्वतः आल्या. गल्लीच्या सुरुवातीच्या घरातले पाणी नळीत घेतले, चांगला पिवळा रंग आला. आपाच्या नळाची पहिली धार घेतली, रंग नाही आणि किंचित वासही. वीस मिनिटांनी पुन्हा घेतले, फिका पिवळा. म्हणजे पाणी गल्लीपर्यंत नीट येत होते. बिघाड गल्ली आणि अंगण यांच्या मधे होता.

सकाळी प्लंबर आला. त्याने दारासमोरच्या नालीवरची शहाबादी फरशी उचलली आणि आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. काळ्या पाण्यात सहा-सात पाइप एकमेकांना बिलगून पडले होते, मोळीसारखे. आपाच्या घराचा लोखंडी पाइप बावीस वर्षांपूर्वीचा. प्लंबरने त्यावरून बोट फिरवले तर गंजाचे पापुद्रे हातात आले आणि सांध्याजवळ सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसले. ते घाण पाण्यात बुडालेले होते.

दुल्हाभाईंनी विचारले, "हा कुणाचा? सरकारचा?"

"नाही चाचा," प्लंबर म्हणाला. "मेन लाइनपासून पुढचा तुमचा. तुम्हीच टाकलेला."

पाक आणि सुरक्षित

त्या संध्याकाळी दुल्हाभाई आम्हांला मशिदीत इमाम साहेबांकडे घेऊन गेले. त्यांच्या मनात वेगळीच सल होती. इतकी वर्षे याच पाण्याने वुजू केले, घरातल्या बायांनी याच पाण्याने गुसल केले. त्याचे काय?

इमाम साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "फिकहमध्ये पाण्याचे तीन गुण पाहतात, रंग, वास आणि चव. वाहत्या किंवा भरपूर पाण्यात काही पडलं आणि या तिन्हींत बदल झाला नाही, तर ते नापाक ठरत नाही. तुम्हांला ठाऊक नव्हतं, मागच्या नमाजांची चिंता करू नका. पण एक लक्षात घ्या. पाणी वुजूला पाक आहे का, हा प्रश्न मला विचारा. ते पोटात घालायला सुरक्षित आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना आणि त्या बाटलीला विचारा. आणि आता गटार आत येतं हे कळल्यावर मसल्याच्या आड लपता येणार नाही. जाणूनबुजून स्वतःला किंवा दुसऱ्याला अपाय करायची परवानगी दीन देत नाही."

मग ते बराच वेळ बोलले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रात्री भांडी झाकून ठेवायला सांगितले, पाण्याच्या मशकींची तोंडे बांधायला सांगितली. साचलेल्या पाण्यात लघवी करायला आणि पिताना भांड्यात श्वास सोडायला मनाई केली. चौदाशे वर्षांपूर्वी जंतू कुणी पाहिले नव्हते, पण पाणी राखायचे असते ही समज दिली गेली होती. मदिनेत रूमाची विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी विकत घेऊन सगळ्यांसाठी खुली केली. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी मरहूम आईच्या नावे कोणता सदका उत्तम असे विचारले, तेव्हा त्यांना पाण्याची सोय सुचवण्यात आली. "आपण रमजानमध्ये सरबताच्या टाक्या लावतो, चांगलंच आहे," इमाम साहेब म्हणाले. "पण बारा महिने शेजाऱ्याच्या नळाचं पाणी मोटरीनं ओढून एक महिना सरबत वाटलं, तर हिशेब जुळेल का?"

आम्हांला गल्लीच्या टोकाच्या खाला आठवल्या. दुल्हाभाईंनाही आठवल्या असाव्यात.

अकरा घरे

दोन दिवसांनी इशाच्या नमाजनंतर आपाच्या अंगणात गल्ली जमली. पुरुष बाहेर, बायका ओसरीवर. बोलल्या जास्त बायकाच, कारण पाणी भरतात त्या आणि आजारी मुलांची उशाशी जागरणे करतात त्याही. दुल्हाभाईंनी काळी बाटली मधोमध ठेवली. कुणावर दोष नको म्हणून त्यांनी सुरुवात स्वतःपासून केली, "छिद्र माझ्याच पाइपला निघालं."

असे ठरले की अकराही घरांचे पाइप एकदम बदलायचे, नालीतून काढून भिंतीच्या बाजूने उंचावरून न्यायचे. जिथे नाली ओलांडावीच लागेल तिथे बाहेरून जाड पाइपचे आवरण घालायचे. एकेकट्याने केले तर खर्च जास्त, मिळून केले तर खोदाई एकच. मोटर थेट लाइनला लावायची नाही. नळाचे पाणी आधी आपल्या जोराने हौदात पडू द्यायचे, मग हौदातून वर चढवायला मोटर. खालांच्या पाइपचा खर्च बाकीच्यांनी वाटून घ्यायचा. मुख्य वाहिनीची गळती आपल्या हातात नाही, तिच्यासाठी सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज.

सगळे काही सुरळीत झाले असे नाही. दोन घरांनी मोटर काढायला साफ नकार दिला. "सगळा मोहल्ला लावतो, आम्हीच का काढू?" त्यांचेही म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पाणी सहाव्या दिवशी येत असेल तर माणसाला धीर राहत नाही. पण नऊ घरे तयार झाली.

आपाच्या हौदाची सफाई आम्हीच केली. सगळे पाणी झाडांना आणि धुण्याला वापरून हौद रिकामा केला. तळाला चार बोटे गाळ होता, त्यात मुलाचा हरवलेला चेंडूही सापडला. भिंती ब्रशने घासल्या, आशाताईंनी सांगितलेल्या मापाने ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतल्या, झाकणाला रबर लावले. तळहाताएवढी फट होती, तिच्यातून पावसाचे अंगणातले पाणी आत जात असे.

घरासाठी आपाने जे नियम लावले ते आमच्या घरीही लागू झाले, म्हणून इथे सांगतो. नळ आल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचे पाणी फरशी, संडास आणि झाडांसाठी वेगळे काढायचे, टाकून द्यायचे नाही. पिण्याचे पाणी नंतर भरायचे. ते गाळून, खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवायचे आणि झाकूनच गार करायचे. गॅस परवडत नसेल तर क्लोरीनची गोळी किंवा द्रावण पाकिटावरच्या मापाने टाकून अर्धा तास थांबायचे. तुरटीने पाणी नितळ होते, जंतू मरत नाहीत. माठातून पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढायचे, हात बुडवायचा नाही. विकतचा जार आला म्हणून निर्धास्त व्हायचे नाही. थंड पाणी म्हणजे शुद्ध पाणी असे नव्हे.

परतीची वाट

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा पाणचक्कीला गेलो. धाकटा बरा झाला होता, अल्हम्दुलिल्लाह. तो हौदाच्या काठाशी बसून कोसळणारी धार पाहत होता. ते बुजुर्ग त्याच जागी होते. या वेळी त्यांचे बोलणे आम्हांला वेगळे ऐकू आले. मलिक अंबरने आणि चक्की बांधणाऱ्यांनी पाणी आणले, हे आपण अभिमानाने सांगतो. पाहुण्यांना तिकीट काढून दाखवतो. पण नहरीच्या तोंडात उतरून गाळ काढणाऱ्या माणसाचे नाव कुणाला माहीत नाही. नहर शेकडो वर्षे चालली ती त्याच्यामुळे. आपल्या दारासमोरची फरशी उचलून पाहणे हे त्याचेच काम आहे.

परत येताना गोदावरीचा पूल ओलांडला तेव्हा मुलांनी खाली पाहून सलाम केला. घरी पोचल्यावर आम्ही सर्वांत आधी आमची टाकी उघडली. कोकणात पाणी विपुल, विहीर घरची, आम्हांला कसली भीती, असे वाटायचे. टाकीचे झाकण तीन वर्षांत उघडले नव्हते. आत काय निघाले ते लिहीत नाही.

जुलैमध्ये आपाचा फोन आला. सुनेला मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. आनंदाच्या गोष्टी झाल्या, बारशाचे, अकीक्याचे बेत झाले. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि हो, मोटर न काढणाऱ्या दोघांपैकी एकानं काढली. काल रात्री नळ आला होता. ताईंनी टोकाच्या खालांच्या घरातलं पाणी तपासलं."

"मग?"

"पिवळा आला."